अपराध पोटात घालावा

जुन्या पत्रांच्या शेवटी एक वाक्य हमखास असे. सगळा मजकूर संपला, थोरामोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद पोचते झाले, की कागदाच्या उरलेल्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेले असायचे : काही अधिक-उणे लिहिले गेले असल्यास अपराध पोटात घालावा. लिहिणारा व्याह्याला लिहीत असो की सावकाराला, हे वाक्य चुकत नसे. आता पत्रेच गेली. फोनच्या काचेवर अंगठा टेकवून ‘सॉरी’ म्हटले की काम भागते. तरी वाक्प्रचार अजून जिवंत आहे. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, दोन प्रश्न कोरे सोडून, हेच लिहिले होते. अपराध मोठा होता आणि परीक्षकाचे पोट लहान, त्यामुळे गुण काही वाढले नाहीत. पण मराठी बरी आहे एवढे समाधान मला मिळाले.

आता प्रश्न असा, की अपराध पोटातच का घालायचा? डोक्यात ठेवला तर तो राग होतो, मनात ठेवला तर अढी बसते, हे खरे. पण पोट? पोटात गेले ते पचते, असा एक सरळ अर्थ सांगता येईल. मला मात्र तो अर्थ अपुरा वाटतो. कारण मराठी माणूस आपली सगळीच माया पोटाच्या आसपास ठेवतो. पोटची माया, पोटाशी धरणे, पोटात तुटणे, पोटतिडीक, आतडे पिळवटणे, आतड्याचे माणूस. हृदय आपण कवितेत आणि लग्नपत्रिकेत वापरतो; घरात, अंगणात, दवाखान्याच्या बाकावर बसलेली बाई ‘माझं आतडं तुटतंय हो’ असेच म्हणते. तिला ठाऊक असते की मूल हृदयात राहत नाही, पोटात राहते. अपराध पोटात घालणे म्हणजे चुकलेल्या माणसाला, निदान घटकाभर, आपल्या पोटचे समजणे.

ही जागा निवडणारे आपण एकटेच नाही. आपल्यापासून फार दूरची म्हणून जिच्याकडे पाहावे आणि प्रत्यक्षात जी आपल्या कोकणात शेकडो वर्षे नांदली, त्या हिब्रू भाषेने तर या एका गोष्टीवर शब्दांचे सबंध कूळ उभे केले आहे. यंदाच्या दिवाळीला त्याच कुळाची विचारपूस करावी म्हणते.

हिब्रू आणि अरबी या सख्ख्या बहिणी. त्यांच्या शब्दांची घडण आपल्याहून निराळी. संस्कृतात धातूला मागेपुढे प्रत्यय, उपसर्ग लागतात : कृ पासून कर्ता, कार्य, उपकार. या भाषांत तीन व्यंजनांचा सांगाडा असतो, तो सहसा हलत नाही. त्यांच्या मधल्या फटींत स्वर बदलत जातात आणि नवे शब्द तयार होतात. कठीण वाटले ना? पण वाचकहो, हे व्याकरण तुम्ही रोज बोलता. ह, क, म ही तीन व्यंजने घ्या. हुकूम, हुकूम करणारा तो हाकीम, नाडी पाहणारा तो हकीम, आणि वेळप्रसंगी चालवायची ती हिकमत. चारही शब्द एकाच सांगाड्याचे. हिब्रूत याच सांगाड्याचा ‘होखमा’ म्हणजे शहाणपण. म्हणजे जो हुकूम करतो त्याला शहाणपण असावे अशी या भाषांची अपेक्षा दिसते. ती कितपत पुरी होते याची चर्चा इथे नको.

आपले आजचे कूळ र, ह, म या तीन व्यंजनांचे. यातला ‘ह’ घशातून यायचा. हल्लीच्या हिब्रूत तो जवळजवळ ‘ख’ कडे झुकतो. या सांगाड्यात एका तऱ्हेने स्वर भरले की होते ‘रेहेम’. अर्थ गर्भाशय. दुसऱ्या तऱ्हेने भरले की ‘रहमीम’. अर्थ दया, करुणा. हा शब्द रूपाने अनेकवचनी आहे, एकवचनात तो या अर्थाने येतच नाही. दया एकटीदुकटी नसते, ती कढाकढांनी येते, असे काहीसे असावे. क्रियापद ‘रिहेम’, त्याने दया केली. आणि देवाचे विशेषण ‘रहूम’, दयाळू.

सगळे भाषापंडित गर्भाशयापासूनच दया निघाली असे छातीठोकपणे म्हणत नाहीत. काही कोशकार मूळ अर्थ मऊपणाकडे नेतात आणि दोन्ही शब्द त्यातून काढतात. असेना का. त्याहून जुन्या बाबिलोनी मातीच्या विटांवरच्या अक्कादी भाषेत ‘रेमू’ हा एकच शब्द गर्भाशयालाही आहे आणि दयेलाही आहे. इतका जुना शेजार मोडायला मी तरी जाणार नाही.

शब्द कोशात पाहू नये, गोष्टीत पाहावा. शलमोन राजाच्या न्यायाची गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. एका घरात दोन बायका, दोघींची तान्ही मुले. रात्रीत एक मूल दगावते आणि सकाळी जिवंत मुलावर दोघी हक्क सांगतात. राजा तलवार मागवतो आणि मुलाचे दोन तुकडे करून वाटून द्या म्हणतो. एक म्हणते, करा. दुसरी म्हणते, नको, तिलाच देऊन टाका. आपण गोष्ट सांगतो ती राजाच्या चातुर्याची. मूळ हिब्रू वाचणाऱ्याला मात्र तलवारीच्या क्षणी एक शब्द थांबवतो : त्या बाईचे ‘रहमीम’ तापले, त्यांना कढ आला. मराठीत तंतोतंत सांगायचे तर तिचे आतडे पिळवटले. राजाला पुरावा हवा होता, तो भाषेत आधीच होता. जिच्या पोटात तुटले तीच आई.

यात आणखी एक गंमत आहे. हाच शब्द, हेच क्रियापद, जुन्या करारात दुसऱ्या एका ठिकाणी येते आणि तिथे बाई नाहीच. योसेफाला त्याच्या सावत्र भावांनी विकलेले असते. पुढे तो मिसर देशाचा मोठा अधिकारी होतो. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्या दारी येतात आणि त्याला ओळखत नाहीत. त्यांच्यावर तो आवाज चढवतो, त्यांना कोंडतोही. पण धाकटा बन्यामीन समोर येतो तेव्हा याचे ‘रहमीम’ तापतात आणि हा मोठा कारभारी आतल्या खोलीत जाऊन रडून घेतो, तोंड धुऊन बाहेर येतो. कारण बन्यामीन त्याचा एकट्याचा सख्खा, एका आईच्या पोटचा. आणि कथाकार ‘त्याच्या आईचा मुलगा’ असे मुद्दाम सांगतो. पुरुषाला गर्भाशय नसते, पण तो ज्या गर्भाशयातून आला त्याची आठवण असते, असे हा शब्द धरून चालतो. एका स्तोत्रात तर बाप मुलांवर दया करतो तिथे हेच आईचे क्रियापद बापाला लावले आहे. आपल्याला त्यात नवल वाटायला नको. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पुरुष देवाला आपण विठाई म्हटले, ज्ञानेश्वरांना माउली केले, आणि वारीत दाढीवाल्या गृहस्थाचा धक्का लागला तरी ‘माउली, जरा सरका’ म्हणतो.

अरबीत हे कूळ आले आणि तिथून फारशीच्या हाताने मराठीत. रहम, बेरहम, रहीम, रहमान हे शब्द सांगायला नकोत. पेशवाईच्या कागदांत मुसलमान सरदाराच्या किंवा पातशहाच्या नावाजवळ ‘मरहूम’ दिसतो. आपण कैलासवासी म्हणतो तसा. त्याचा शब्दशः अर्थ मेलेला असा नव्हेच. ज्याच्यावर दया झाली तो मरहूम. मेलेल्या माणसाबद्दल याहून हळुवार शब्द मला माहीत नाही. मात्र ‘मेहेरबान’ला या पंगतीत बसवू नये, तो दिसायला जवळचा असला तरी फारशी ‘मेहेर’चा, आणि मेहेर हा आपल्या वैदिक मित्र देवाचा भाऊबंद. म्हणजे मेहेरबान उलट आपल्याच माहेरचा निघाला.

अरबीत ‘रहिम’ म्हणजे गर्भाशय आणि नातेसंबंध राखणे म्हणजे ‘सिलत-उर्-रहिम’, गर्भाशयाचा धागा जोडलेला ठेवणे. नातेवाइकांकडे जाणेयेणे ठेवावे, एवढ्या साध्या कर्तव्याला केवढे नाव. ग्रीक भाषा या कुळाची नव्हे, पण तिच्यातही भाऊ म्हणजे ‘आदेल्फोस’, एका गर्भाशयातला. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या पोटात तोच शब्द बसला आहे. आपला सहोदर तसाच, एका उदरातला. आणि सोयरा हा शब्द या सहोदराचाच झिजलेला अवतार मानतात. सोयरा आता सासरच्या नात्याकडे सरकला आहे ही गोष्ट वेगळी. भाऊबीजेला येतो तो भाऊ आणि पाडव्याला येतो तो सोयरा, असा हिशेब झाला. दोघे मुळात एकच होते हे व्याह्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

आता कोकणात येऊ. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, अशी बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते. कुलाब्याच्या गावागावांत ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले शनिवार तेली. दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे गावांची. शमुवेलाचा सामाजी झाला, अब्राहामाचा आबाजी. भाषा मराठी, साडी नऊवारी, आणि सणांची नावे तर कोकणी घरातली : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. दारफळणी म्हणजे दार लावून घेऊन उपास करण्याचा, अपराधांची क्षमा मागण्याचा दिवस, यहुद्यांचा योम किप्पुर. त्या दिवशीच्या प्रार्थनेत देवाला ‘रहूम’ म्हणून हाक मारतात. अपराध पोटात घालावा, हेच मागणे. फक्त पत्ता वरचा.

या समाजाचे मुंबईतले पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. सामाजी कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते आणि म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तिथून ते जिवंत सुटले ते टिपूच्या आईच्या रदबदलीमुळे, अशी आख्यायिका त्या समाजात आहे. हे बेने इस्रायल आहेत, यांचा उल्लेख कुराणात आहे, यांना मारू नको, असे तिने मुलाला म्हटले म्हणे. सुटून आल्यावर सामाजींनी मंदिर बांधले. बेने इस्रायल लोक आपल्या मंदिराला मशीदच म्हणत, त्यामुळे ती झाली सामाजी हसाजींची मशीद, पुढे जुनी मशीद. मस्जिद बंदरच्या स्टेशनाला नाव मिळाले ते या मशिदीवरून, असे सांगणारे पुष्कळ आहेत. १८६० साली ती सॅम्युएल स्ट्रीटवरच्या आजच्या जागी आली, आणि तिला आज जे नाव आहे ते मागाहून पडले : शाअर हारहमीम. दयेचे दार. टिपूची आई हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात होती की नाही, कोण सांगणार? पण एका आईने आपल्या मुलापाशी दुसऱ्या आईच्या मुलासाठी शब्द टाकला, ही कथा ज्यांच्या घराघरांत सांगितली जाते त्यांच्या मंदिराला याहून नेमके नाव शोधून सापडले नसते.

आपल्या पुण्यातही या लोकांची वस्ती होती. रास्ता पेठेत त्यांचे मंदिर आहे. लष्करातले लाल देऊळ मात्र बगदादी यहुद्यांचे, डेव्हिड ससून यांनी बांधवलेले. पुणेकरांनी त्याला बिनदिक्कत देऊळ म्हटले आणि कोकणातल्यांनी मशीद. यहुद्यांनी दोन्हींना हरकत घेतली नाही. १९४८ साली इस्रायल झाल्यावर बेने इस्रायलांपैकी बरेचजण हळूहळू तिकडे गेले. तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी काढले. इथे राहिले ते थोडे.

आणि एक गोष्ट माझ्या धंद्यातली, म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. पाद्री जॉन विल्सन यांनी बेने इस्रायल मुलांसाठी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत लिहून १८३२ साली छापली. आपल्या दादोबा पांडुरंगांचे मराठीचे प्रसिद्ध व्याकरण निघाले १८३६ साली. तीन व्यंजनांचे हिब्रू धातू मराठी माणूस मराठीतून शिकत होता, त्यानंतर चार वर्षांनी दादोबांचे व्याकरण हाती आले.

गर्भावरून शब्द वाढवायला आपण कमी नाही. गर्भाचा गाभ झाला, त्यातून गाभा, गाभण, गाभोळी, आणि माझ्या लाडकी गाभुळलेली चिंच, जी कच्चीही नसते आणि पिकलेलीही नसते. पण सर्वांत थोर शब्द गाभारा. गर्भागार, गर्भाचे घर. आमच्या कोथरुडात कर्वे रस्त्याला मृत्युंजयेश्वराचे देऊळ आहे. बाहेर वाहनांचा असा गदारोळ की रस्ता ओलांडायला खरोखरच मृत्युंजय पाहिजे. आत गाभाऱ्याच्या अंधारात वाकून शिरले की आवाज एकदम लांब जातो, पायाखाली ओल लागते, समईचा उजेड तेवढा. देवळे बांधणाऱ्यांनी देव कुठे ठेवायचा याचा विचार केला तेव्हा त्यांनाही पोटच आठवले.

मग मराठीत दयेचे काय झाले? इथे मला थोडे भांडायचे आहे. आपली ‘दया’ संस्कृतातून आली, संतांनी तिला डोक्यावर घेतले, आणि आपण तिला ऑफिसात नोकरीला लावली. राष्ट्रपतींकडे आणि राज्यपालांकडे जातो तो दयेचा अर्ज. नापास मुलाला मिळतात ते दयेचे गुण. स्वाभिमानी माणूस म्हणतो, मला कुणाची दया नको, हक्क हवा; आणि त्याचे बरोबरच असते, कारण आज दया म्हणजे वरून खाली टाकलेली वस्तू. देणारा उभा, घेणारा वाकलेला. हिब्रू शब्दात हा चढउतार नाही. पोटातले मूल आईच्या खाली नसते, आत असते.

या फरकाला नुसता शब्दच्छल म्हणून झटकता येत नाही. ‘दयामरण’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत घरोघर पोचला तो अरुणा शानभाग यांच्या खटल्यात. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका कामगाराने पाशवी हल्ला केला; मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा भानावर आल्या नाहीत. पुढे त्यांना मरण द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला. अर्ज करणाऱ्या लेखिकेच्या मनात कळवळाच होता, त्याबद्दल शंका घेऊ नये. पण रुग्णालयातल्या परिचारिका म्हणाल्या, नाही, ही आमची आहे. त्या मुली पिढ्यान्‌पिढ्या बदलत गेल्या होत्या. कित्येकींचा जन्मही त्या हल्ल्यानंतरचा. इतक्या वर्षांत त्यांनी अरुणाताईंच्या पाठीला एक जखम होऊ दिली नव्हती, आणि अंथरुणाला खिळलेले माणूस ज्यांनी घरात सांभाळले आहे त्यांना याचा अर्थ कळेल. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने निकाल दिला : काही कडक अटींवर उपचार थांबवण्याची वाट कायद्याने मोकळी केली, पण अरुणाताईंच्या बाबतीत परिचारिकांचे ऐकले. १८ मे २०१५ रोजी त्या न्यूमोनियाने गेल्या. कोणाचे बरोबर, यावर माझ्या वर्गात एकदा दोन तास वाद झाला आणि मुली रडल्या. माझे मत कुणी विचारलेच तर मी एवढेच म्हणेन, की दोन्ही बाजूंनी दया होती; त्यातल्या एका बाजूची दया ‘रहमीम’ होती. दूध भरवणारीची, कूस बदलणारीची.

हा शब्द हिब्रूतून वाचण्याचे कष्ट घेतलेली एक मराठी बाई आपल्या अगदी जवळ होऊन गेली. पंडिता रमाबाई. संस्कृत त्यांना लहानपणापासून मुखोद्गत. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सबंध बायबल मुळावरून सोप्या मराठीत आणण्यासाठी. कोथरुडच्या माणसाला रमाबाई परक्या वाटू नयेत. त्यांच्या शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, तिच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला, आणि कर्व्यांनी आपला आश्रम १९०० साली हलवला तो आमच्या शेजारच्या हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत. आज ज्या रस्त्यावर आपण रोज तासभर अडकतो तो त्या कर्व्यांच्या नावाचा. रमाबाईंच्या धर्मांतरावरून पुण्यात किती रण माजले हे सर्वांना ठाऊक आहे. त्या रणात त्यांची भाषा बाजूला पडली, हे माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरणीचे दुखणे.

केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळात उपाशी मरणाऱ्या, टाकून दिलेल्या शेकडो मुली आणि बायका त्यांनी आणून ठेवल्या होत्या. समाजाने ‘पतित’ म्हणून दार लावलेल्या बायकांसाठी तिथे वेगळे घर होते, त्याचे नाव कृपासदन. छापखानाही तिथलाच. रमाबाई भाषांतर करीत आणि खिळे जुळवायला, पाने छापायला, बांधायला याच बायका. २४ जुलै १९२१ रोजी रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. मजकूर तपासणे चालूच होते. ते हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. ग्रंथ पुरा छापून निघाला तो १९२४ साली. शलमोनाच्या न्यायाचे पान, योसेफ आतल्या खोलीत जाऊन रडतो ते पान, ज्या मुलींच्या हातांनी त्या छापखान्यात तयार झाले त्यांपैकी कित्येकींना आपली आई आठवतही नव्हती.